गाडीतला कॅमेरा साक्षी नसतो

बोरिवलीत किंवा मुलुंडला राहणाऱ्या माणसाला आपली गाडी कायदा न मोडता पूर्ण ताकदीने पळवायची असेल, तर त्याला मुंबईबाहेर जाण्यावाचून गत्यंतर नाही. पश्चिम द्रुतगती महामार्ग दहिसरपर्यंत सुमारे 25 किलोमीटरचा आहे, पण तो शर्यतीसाठी नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 प्रमाणे सार्वजनिक रस्त्यावर वेगाची चुरस लावणे हा तुरुंगवासापर्यंत नेणारा गुन्हा आहे. पवईत हिरानंदानीतल्या हाकोनेमुळे उपनगरांतल्या एका पिढीला गो-कार्टची चव कळली, पण कार्ट म्हणजे आपली रोजची गाडी नव्हे. खरे सर्किट हवे तर चेन्नईजवळचे इरुंगाट्टुकोट्टै, कोइमतूरचे करी किंवा ग्रेटर नोएडाचे पाच किलोमीटरहून थोडे लांब बुद्ध सर्किट गाठावे लागते. हजार किलोमीटरहून जास्त प्रवास करून पदरात पडतात ती काही मिनिटे. ती हातातून निसटू नयेत म्हणून माणूस गाडीत कॅमेरा लावायचे ठरवतो आणि अंधेरीच्या एखाद्या दुकानात जाऊन विचारतो, कोणता घेऊ? दुकानदार फोर-के सांगतो, बॅटरी सांगतो, हप्ते सांगतो. हा प्रश्न दुकानात पोहोचण्याआधी तत्त्वज्ञानाच्या दारातून जायला हवा, असे माझे मत आहे. कारण गाडीत कॅमेरा लावणारा आपण एक साक्षीदार नेमतो आहोत असे समजत असतो. हा समज चुकीचा आहे, आणि पुढची बहुतेक खरेदी या चुकीवरच उभी राहते. कॅमेरा साक्षी नाही, ते करण आहे. हातोडी किंवा पट्टी जशी करण आहे तसे. एवढे मान्य केले तर कोणता कॅमेरा घ्यावा याचे उत्तर बरेचसे आपोआप ठरते, आणि ते दुकानदाराच्या उत्तराहून वेगळे निघते.

साक्षी कोणाला म्हणावे याचा काटेकोर विचार आपल्याकडे ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत सापडतो. तिथे पुरुषाची पाच लक्षणे सांगितली आहेत: साक्षित्व, कैवल्य, माध्यस्थ्य, द्रष्टृत्व आणि अकर्तृभाव. म्हणजे साक्षी तो, जो पाहतो, पण पाहिलेल्यात गुंतत नाही. जो कोणत्याही बाजूचा नाही. आणि ज्याच्या असण्याने घडणाऱ्या गोष्टीत काही फरक पडत नाही. चौदाव्या शतकात विद्यारण्यांच्या नावावरील पंचदशीने याच कल्पनेसाठी नाट्यगृहातल्या दिव्याचा दृष्टान्त घेतला आणि त्यावर नाटकदीप नावाचे दहावे प्रकरणच रचले. यजमान, नर्तकी आणि प्रेक्षक सगळ्यांवर तो दिवा सारखाच उजेड टाकतो, आणि सगळे उठून गेल्यावरही तेवत राहतो. वेदान्ताचा साक्षी आणि सांख्यांचा पुरुष एकच नाहीत, त्यांच्यातले भांडण जुने आहे. पण साक्षीने घटनेत हात घालायचा नाही, यावर दोघांचेही एकमत आहे. कॅमेऱ्याकडे पाहिले की पहिल्या नजरेत ही सगळी लक्षणे त्याला लागू पडल्यासारखी वाटतात. तो बोलत नाही, थकत नाही, कोणाची बाजू घेत नाही. म्हणूनच आपण इतक्या सहज म्हणतो की कॅमेऱ्याने सगळे पाहिले आहे. पण ट्रॅकवर धावणाऱ्या गाडीत तो काय करतो ते नीट तपासले, तर माध्यस्थ्य आणि अकर्तृभाव या दोन लक्षणांवर तो सपशेल नापास होतो.

आधी माध्यस्थ्य घेऊ. दिव्याला चौकट नसते, कॅमेऱ्याला असते, आणि ती चौकट कुणीतरी ठरवलेली असते. डॅशबोर्डवर ठेवून बाहेर रोखलेला कॅमेरा रस्ता दाखवतो आणि चालवणारा गायब करतो. आरशाजवळून आत वळवलेला कॅमेरा चेहरा दाखवतो आणि वळण गायब करतो. अतिरुंद कोनाचे भिंग असलेल्या ॲक्शन कॅमेऱ्यात चौकटीच्या कडेची झाडे-खांब सुसाट मागे पळतात आणि मधला रस्ता असतो त्याहून लांब वाटतो. त्यामुळे वेग फुगतो आणि वळण दूर दिसते. अकर्तृभावाची गत याहून वाईट आहे. हल्लीच्या कॅमेऱ्यांची सर्वांत वाखाणली जाणारी करामत म्हणजे चित्र स्थिर करणे. कॅमेऱ्यातला जायरो हालचाल मोजतो, मग चित्राच्या कडा कापून उरलेला भाग उलट दिशेने सरकवला जातो. डोंगर उतरणाऱ्या सायकलस्वाराला हे वरदान आहे. बंद गाडीत मात्र कॅमेरा गाडीलाच बांधलेला असतो. गाडी वळली की जायरोला वाटते कॅमेरा हलला, आणि तो ही हालचाल पुसायला धावतो. परिणामी काचेबाहेरचे दृश्य गुळगुळीत होते आणि स्टिअरिंग, डॅशबोर्ड हे सगळे पाण्यात ठेवल्यासारखे डुलू लागते. क्षितिज सपाट ठेवण्याची सोय तर त्याहून पुढची. वळणात गाडी किती कलली हे शिकणाऱ्यासाठी सोन्यासारखे असते. ब्रेक उशिरा सुटला का, वजन बाहेरच्या चाकांवर किती गेले, स्टिअरिंग झटक्याने फिरवले का, याचा माग त्या कलण्यात असतो. क्षितिज सपाट करणारा कॅमेरा नेमके तेच काढून टाकतो आणि आपल्या हाती एक सुंदर, सभ्य, निरुपयोगी चित्र देतो. आपोआप उजेड जुळवणारी यंत्रणाही तशीच. आतला अंधार आणि बाहेरचे ऊन यांत तिला एकच निवडता येते. ती डॅशबोर्डवर भाळली की काचेबाहेर पांढरा पडदा उरतो. त्यात सेन्सर चित्र एकदम टिपत नाही, वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत क्रमाने वाचतो. म्हणून कडेचे सरळ खांब तिरके झालेले दिसतात आणि इंजिनाच्या थरथरीने सगळे चित्र जेलीसारखे डळमळते. हे दोष स्वस्त कॅमेऱ्याचे नाहीत, उलट महाग कॅमेऱ्यात हस्तक्षेप वाढत जातो. ज्याला आपण साक्षी म्हणतो तो साक्ष देता देता घटना दुरुस्त करत असतो.

मग कॅमेऱ्याने दिलेल्या ज्ञानाला म्हणायचे तरी काय? न्यायसूत्रांनी प्रत्यक्षाची व्याख्या करताना इंद्रिय आणि वस्तू यांचा संबंध आवश्यक मानला. सर्किटवरच्या गाडीशी माझ्या डोळ्यांचा संबंध आला नाही. आला तो पडद्याशी. म्हणजे चित्रण पाहणे हे गाडीच्या बाबतीत प्रत्यक्ष नाही, ते अनुमान आहे. धुरावरून अग्नी ओळखावा तसे पडद्यावरच्या खुणांवरून आपण घडलेले ओळखतो, आणि धूर खरेच धूर आहे, धुके नाही, याची खात्री आधी करावी लागते. हा घटपटाचा खल वाटेल, पण आपली न्यायालयेही वेगळ्या वाटेने याच ठिकाणी आली आहेत, आणि त्यातला सर्वांत गाजलेला निवाडा एका मराठी मतदारसंघातून निघाला. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यात उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीत आले की नंतर, असा वाद झाला. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयात व्हिडिओ चित्रण झालेले होते. वरवर पाहता प्रश्न तिथेच मिटायला हवा होता, कारण कॅमेऱ्याने पाहिले होते. प्रत्यक्षात हा वाद औरंगाबाद खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात 14 जुलै 2020 रोजी तीन न्यायमूर्तींनी सांगितले की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुराव्यात आणायची तर पुरावा कायद्याच्या कलम 65-ब चे प्रमाणपत्र अनिवार्य आहे. प्रमाणपत्र नको असेल तर ज्याचे मूळ उपकरण आहे त्याने ते घेऊन स्वतः पिंजऱ्यात उभे राहावे आणि ते आपले आहे, आपण चालवले आहे, हे सिद्ध करावे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 ने हाच आग्रह ठेवला, त्यात तज्ज्ञाची सही आणि फाइलच्या हॅशचा आकडाही जोडला. कायद्याची भूमिका सरळ आहे. यंत्र शपथ घेऊ शकत नाही, शपथ घ्यायला माणूस लागतो. तो माणूस म्हणजे साक्षीदार, आणि यंत्र त्याच्या हातातली वस्तू.

यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. माणूस साक्षीदार म्हणून तरी कुठे भरवशाचा आहे? यंत्र चित्र वाकवत असेल, पण माणसाने साक्षीची संस्थाच वाकवली. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात साक्षीदारांबद्दलचे नियम आहेत. माणूस स्वतःच स्वतःचा साक्षी आहे, एकांतात पाप करणाऱ्यालाही सूर्य, चंद्र, वारा आणि त्याच्या आतला पुरुष पाहत असतो, अशी उदात्त कल्पना तिथे आहे. त्याच अध्यायात स्त्रियांच्या साक्षी स्त्रियांनी द्याव्यात, द्विजांच्या द्विजांनी, शूद्रांच्या शूद्रांनी, अशी वाटणीही आहे. आकाशातले साक्षीदार सर्वांसाठी सारखे आणि न्यायसभेतले जातीप्रमाणे. 25 डिसेंबर 1927 ला महाडला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हा ग्रंथ जाळला गेला, तेव्हा अशाच व्यवस्थेला नकार दिला गेला. कॅमेऱ्याला जात नसते, तो कोणाचे आडनाव विचारत नाही, आणि गरिबाच्या हातातल्या फोनने सत्ताधाऱ्याचा खोटेपणा अनेकदा उघडा पाडला आहे. हे सगळे मला पूर्ण मान्य आहे. पण यातून कॅमेरा साक्षी ठरत नाही. कॅमेऱ्याला जात नसली तरी तो कुठे लावायचा, कधी बंद करायचा आणि चित्रणाचा कोणता तुकडा दाखवायचा हे ठरवणाऱ्याला जात, वर्ग, पगार आणि साहेब असतात. साधन निःपक्षपाती आहे एवढ्यावर विसंबून राहिलो, तर त्याच्यामागचा हात तपासायचा राहून जातो. आणि पक्षपात करणाऱ्याला याहून सोयीचे काय असणार?

आता विधायक बाजूकडे येतो, कारण कॅमेरा साक्षी नाही म्हणून तो नकोच, असे माझे म्हणणे नाही. ट्रॅकवर तो हवाच, आणि याचेही कारण न्यायशास्त्रात आहे. नैयायिक स्मृतीला प्रमाणांत जागा देत नाहीत. गाडी वेगाने चालवणाऱ्याच्या आठवणीला तर अजिबात देऊ नये. लॅप संपवून बाहेर आलेला माणूस सांगतो की मी शंभर मीटरच्या फलकाला ब्रेक दाबला. चित्रणात दिसते की तो बराच आधी दाबला होता. तो सांगतो की नजर वळणाच्या शेवटाकडे होती. डोके मात्र पुढच्या गाडीच्या डिकीकडे रोखलेले दिसते. तो खोटे बोलत नसतो. भीती आणि घाई यांत मन जे जुळवून घेते तेच त्याला आठवते. इथे कॅमेरा उपयोगी पडतो, आणि त्याने काय दाखवावे हे ठरवायला मला गीतेच्या अठराव्या अध्यायाइतका चांगला मार्गदर्शक दिसत नाही. कोणतेही कर्म सिद्धीस जायला तिथे पाच कारणे सांगितली आहेत, अधिष्ठान, कर्ता, करण, निरनिराळ्या चेष्टा आणि दैव, आणि हे सांख्यांचे मत म्हणून सांगितले आहे. लगेच पुढे इशारा आहे की असे असताना जो केवळ आपल्यालाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही. एका वळणाला हे पाचही लावून पाहा. अधिष्ठान म्हणजे रस्ता आणि गाडीचा सांगाडा. कर्ता म्हणजे बसलेला माणूस. करणे म्हणजे स्टिअरिंग, गिअर, पेडल आणि त्यांच्यावरचे हातपाय. चेष्टा म्हणजे त्यांच्या वेगवेगळ्या हालचाली, क्रम आणि वेळ. दैव म्हणजे पुढच्या गाडीतून सांडलेले तेल. नुसता बाहेर पाहणारा डॅशकॅम अधिष्ठान आणि दैव दाखवतो, म्हणून अपघाताच्या दाव्यासाठी तो ठीक आहे, त्याची गरजच तेवढी असते. नुसता चेहऱ्यावर रोखलेला कॅमेरा कर्ता दाखवतो, आणि गीतेने ज्याला चुकीचे पाहणे म्हटले तेच करायला लावतो. बघणाऱ्याला वाटते सगळे या माणसानेच केले. शिकायचे असेल तर एकाच चौकटीत पाचांपैकी जास्तीत जास्त कारणे यायला हवीत. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. तेव्हा पुढच्या दोन सीटांच्या मधून, हेडरेस्टच्या दांड्यांना किंवा मागच्या आडव्या बारला कॅमेरा घट्ट बांधला, तर दोन्ही हात, गिअर, काटे आणि काचेबाहेरचे वळण एकत्र येते. चेहरा येत नाही. त्यावाचून काही अडत नाही.

आकड्यांकडे वळलो तर करण म्हणून विचार करण्याचा फायदा लगेच दिसतो. ताशी 100 किलोमीटरला गाडी सेकंदाला 27.8 मीटर जाते. सेकंदाला 30 चौकटी टिपणाऱ्या कॅमेऱ्यात दोन चौकटींमध्ये जवळपास एक मीटर निघून जातो, 60 चौकटींत अर्धा मीटर. ब्रेकची जागा शोधायला अर्धा मीटर पुरेसा आहे, म्हणून 60 चौकटी हव्यात. त्यासाठी फोर-केची गरज नाही, साधे फुल एचडी चालते. उपग्रहावरून जागा सांगणारा जीपीएस सेकंदाला एकदाच नोंद घेत असेल तर तो जवळपास 28 मीटरमध्ये आंधळा असतो. सेकंदाला दहा नोंदी घेणारा असेल तर पावणेतीन मीटरमध्ये. तेव्हा जीपीएस आहे का, हा अर्धा प्रश्न झाला, किती वेळा नोंद घेतो हा पूर्ण प्रश्न. आणि ज्याकडे खरेदीदार पाहतच नाही तो माइक. चार सिलिंडरचे चारस्ट्रोक इंजिन एका फेऱ्यात दोनदा पेटते. मिनिटाला 6000 फेऱ्यांना म्हणजे सेकंदाला 100 फेऱ्यांना त्याचा मूळ सूर 200 हर्ट्झचा होतो. कॅमेरा आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करून मोठे-लहान एक करून टाकतो, पण सुराची पट्टी त्याला बदलता येत नाही. म्हणून गिअर कुठे पडला, थ्रॉटल कुठे सोडले, हे डोळ्यांपेक्षा कानांना नेमके कळते, आणि टायर घसरण्याआधी ओरडतात तेही चित्रात कुठे दिसत नाही, ऐकूच येते. सगळ्या जाहिराती डोळ्यांसाठी असतात, ट्रॅकवरचा विश्वासू पुरावा मात्र बरेचदा आवाजाचा निघतो. म्हणून खिडकी उघडी असेल तर वाऱ्याला आडोसा हवा, नाहीतर बाहेरून माइक जोडता यायला हवा.

कॅमेरा लावला की माणूस दिखाऊ होतो, जास्त धोका पत्करतो, असा एक आक्षेप नेहमी घेतला जातो. तो खरा आहे, पण त्याचा रोख कॅमेऱ्यावर ठेवणे चूक आहे. माणूस धोका पत्करतो तो पुढे कोण पाहणार आहे या कल्पनेमुळे. संध्याकाळी इन्स्टाग्रामवर टाकायचे चित्रण आणि संध्याकाळी एकट्याने बसून पाहायचे चित्रण यांत कॅमेरा तोच असू शकतो, गाडी चालवणे मात्र वेगळे होते. पहिल्यात वळणात मागचे टोक फेकले तर टाळ्या आहेत. दुसऱ्यात ती चूक आहे, कारण वेळ गेला. तुकोबांनी खरे-खोटे ठरवताना बहुमताला बाजूला सारून आपल्या मनालाच ग्वाही धरले, हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. त्यांना लोकनिंदेचे भय नव्हते एवढाच त्याचा अर्थ मी घेत नाही. लोकस्तुती हाही पुरावा नव्हे, हेही त्यात येते, आणि चित्रण लोकांपुढे टाकणाऱ्याने विसरायचे नाही ते हे. इथे करण आणि साक्षी यांतला भेद पुन्हा कामाला येतो. साक्षी म्हटले की आपण त्याच्यापुढे सोंग आणतो किंवा त्याला भितो. करण म्हटले की त्याचा फक्त वापर करायचा असतो. पट्टीपुढे कोणी पोक काढून किंवा छाती फुगवून उभा राहत नाही.

याहून अवघड आक्षेप रेल्वेतून येतो, आणि तो उपनगरांत राहणाऱ्याने तरी मनावर घ्यायला हवा. मध्य रेल्वेच्या लोकलच्या मोटरमन-केबिनमध्ये चित्र आणि आवाज टिपणारी यंत्रणा बसवायला मोटरमनांनी विरोध केला. घाटकोपर, मुलुंडहून रोज लोकल पकडणाऱ्याला पहिल्यांदा वाटेल की यात विरोध करण्यासारखे काय आहे. शेकडो जीव ज्याच्या हातात, त्याच्या हातांवर नजर असावी, लाल सिग्नल ओलांडला गेला तर कारण कळावे. पण माझ्याच युक्तिवादाने पाहिले तर तिथे दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली येतात. ट्रॅकवरच्या चालकाचे चित्रण त्याच्याच हातात असते, त्याच संध्याकाळी तो ते पाहतो आणि दुसऱ्या दिवशी सुधारतो. केबिनमधले चित्रण दुसऱ्याच्या हातात असते आणि मोटरमनला ते बहुधा चौकशीतच दिसणार. चित्रगुप्ताच्या वहीची हीच अडचण आहे: ती बिनचूक असेलही, पण ज्याचा हिशोब त्यात आहे त्याला ती वाचायला मिळते तेव्हा दुरुस्तीची वेळ गेलेली असते. शिवाय ती चौकट कर्त्यावर रोखलेली असते. सिग्नलवर पडलेले ऊन, ओळीने केलेल्या फेऱ्या, झोप न झालेली रात्र, रुळांवरून धावणारी माणसे, ही बाकीची चार कारणे चौकटीबाहेर राहतात आणि दोष सहज एकट्या माणसावर जातो. म्हणून केबिनमध्ये कॅमेरे नसावेत असे मी म्हणणार नाही; प्रवाशाच्या जिवाचे वजन माझ्या तराजूत जास्त आहे. पण ते चित्रण मोटरमनला स्वतः पाहता यावे, आत जेवढा कॅमेरा तेवढाच बाहेर रुळांवर रोखलेला असावा, आणि दोन्ही एकत्र पाहिल्याशिवाय निर्णय होऊ नये, एवढी अट रास्त आहे. प्रशासन ज्याला साक्षी म्हणून पुढे करते ते साधन आहे, आणि साधन ज्याच्या कामाचे, त्याच्या हाताला ते लागले पाहिजे.

शेवटी कोणी विचारेल की पेट्रोल जाळून गोल गोल फिरण्याच्या रजोगुणी खेळासाठी सांख्य आणि वेदान्त कशाला वेठीला धरता? टिळकांनी गीतारहस्यात आग्रहाने मांडले की कर्माची नैतिक किंमत त्याच्या बाह्य परिणामावरून ठरत नाही, कर्त्याच्या बुद्धीवरून ठरते. कॅमेऱ्याला बुद्धी दिसत नाही. त्यामुळे ट्रॅकवर जाणे योग्य की अयोग्य, हा निवाडा चित्रणातून कधीच निघणार नाही आणि मी तो इथे देतही नाही. मात्र गीता सांगितली गेली तीही एका रथात बसून, सारथ्याच्या तोंडून. चालवणे हा विचाराला क्षुद्र विषय आहे, असे म्हणायला मी तयार नाही.

तेव्हा खरेदीला निघालेल्याला माझे सांगणे असे. चित्र स्थिर करणे आणि क्षितिज सपाट ठेवणे पूर्ण बंद करता येते का, हे दुकानातच चालू-बंद करून पाहा. येत नसेल तर तो कॅमेरा कितीही नावाजलेला असला तरी परत ठेवा. उजेडाचे माप हाताने बांधून ठेवता येते का ते पाहा. 60 चौकटी, मध्यम कोन, बाहेरचा माइक किंवा निदान वाऱ्याचा आडोसा. सेकंदाला 60 मेगाबिटने टिपले तर मिनिटाला 450 एमबी जातात, म्हणजे वीस मिनिटांच्या सत्राला 9 जीबी. कार्ड तेवढ्या वेगाने लिहिणारे घ्या. चेन्नईच्या उन्हात बंद गाडीत कॅमेरे तापून आपोआप बंद पडतात, तेव्हा सत्रांच्या मध्ये तो सावलीत काढून ठेवायची सवय लावा. या सगळ्याआधी पैसे घट्ट माउंटवर खर्च करा. दीडशे ग्रॅमचा कॅमेरा जोराच्या धडकेत वजनाच्या वीसपट झटका खाऊन सुटला, तर डोक्यावर तीन किलोच्या दगडासारखा येतो. काचेला चिकटवलेला सक्शन कप उन्हात सुटतो, म्हणून कॅमेरा दोरीने वेगळा बांधलेला असलाच पाहिजे. आणि गाडी तपासणाऱ्याने ट्रॅकवर जाण्यापूर्वी तुमचे माउंट नाकारले, तर वाद घालू नका. कॅमेरा काढा, डिकीतही न ठेवता पिटमध्ये ठेवा, आणि त्या दिवशी चित्रणाशिवाय गाडी चालवा.